घरटी एक बोट

गावात कुठलंही सार्वजनिक काम निघालं की सांगायला एकच वाक्य पुरायचं : घरटी एक माणूस. बंधाऱ्यातला गाळ काढायचा, घरटी एक. मयताला लाकडं फोडायची, घरटी एक. ग्रामसभेत हात वर करायचा, तोही घरटी एक, आणि तिथे तर माणूस जागा असला पाहिजे अशीही अट नव्हती. ज्याच्या हाताला काम नसेल तो जायचा आणि त्याच्या जाण्याने अख्खं घर जाऊन आल्यासारखं व्हायचं. पालखीला खांदा एकाने दिला तरी पुण्य चुलीपर्यंत सगळ्यांना पोचतं, हा हिशेब शेणव्याच्या पंचक्रोशीत कुणी तपासून पाहिला नव्हता. तशी वेळही आली नव्हती.

धाकलूच्या घरात माणसं तीन. धाकलू स्वतः, थोडी भातशेती आणि भरपूर मतं बाळगून असलेला, बायको सकुबाई, आणि मुलगी नम्रता. घरटी एक निघालं की धाकलूच जायचा, कारण बाकीच्या दोघींना कामं होती.

सकुबाई धवळारीण होती. हळदीला, लग्नाला जुने धवळे म्हणायची. तिने सूर लावल्याशिवाय त्या भागात नवऱ्यामुलाला हळद लागत नसे. आटगावपासून किन्हवलीपर्यंतची निम्मी जोडपी तिच्या आवाजावर संसाराला लागली होती. त्यातली पुढे जी भांडली, त्यांच्याबद्दल कुणी टोचून बोललं की ती म्हणायची, "मी हळदीपुरती जबाबदार. फुडचं तुमचं तुमी बघा."

नम्रता मुरबाडला, एमआयडीसीत कामाला होती. रोज स्कूटीवरून किन्हवली, सरळगाव करत जायची. तिच्या कंपनीत सिरॅमिकच्या चिप बनत. पांढरीशुभ्र भुकटी चिकट द्रवात कालवायची, तिचा कागदासारखा पातळ थर ओतायचा, त्यात केसाएवढ्या बारीक नाल्या कोरायच्या, थरावर थर दाबायचे आणि भट्टीत घालायचे. भट्टीतून नखाएवढी टणक चिप बाहेर येई. तिच्या तोंडाशी रक्ताचा थेंब टेकवला की रक्त आपल्या पायाने नालीतून आत चालत जाई, आणि मूत्रपिंडं नीट काम करतात की नुसती जागा अडवून बसलीत, ते शेजारच्या छोट्या मशीनवर आकड्यात उमटे. नम्रताचं काम मायक्रोस्कोपखाली प्रत्येक चिप बघायचं. तडा गेलेली बाजूला, चांगली डब्यात.

"पण माती कशाला?" धाकलूने एकदा विचारलं होतं. "पलास्टिक काय मेलं?"

कंपनीतल्या इंजिनिअर रुचिता मॅडमनी सांगितलेलं नम्रताने त्याला सांगितलं. प्लास्टिक उन्हात वाकतं, रक्त त्याला चिकटून बसतं. ही माती रक्ताला काही करत नाही, आणि रक्त तिला काही करत नाही. दोघं एकमेकांना खपवून घेतात.

"म्हंजे लगनाच्या लायकीची माती हाय," धाकलू म्हणाला, आणि सकुबाईकडे बघून गप्प झाला.

त्याच दिवसांत नम्रताला आईचे पाय दिसायला लागले होते. संध्याकाळी ते सुजायचे. बोट दाबलं की खळगा पडायचा आणि तो भरून यायला वेळ घ्यायचा. धवळा म्हणताना पूर्वी जिथे एका दमात चार ओळी जायच्या, तिथे आता दोन ओळींवर थांबावं लागे. मांडवातल्या बायकांना वाटे, सकूवयनी भाव खाते. डॉक्टरचं नाव काढलं की ती म्हणे, "सुई टोचतील गो. मी नाय जात." आख्ख्या तालुक्यातल्या पोरींना सासरी पाठवताना न घाबरणारी ही बाई सुईला घाबरायची.

कंपनीला चिपची चाचणी करायला गाव हवं होतं. नम्रताने रुचिता मॅडमच्या मागे लागून आपलंच गाव पुढे केलं. गावाच्या आरोग्याचं तिला काही पडलं नव्हतं. तिला आईचे पाय दिसत होते. परोपकार बहुधा असाच सुरू होतो.

शिबिराच्या दिवशी नेमकी भट्टी पेटलेली. माल आत असताना नम्रताला हलता येईना. सकाळी निघताना तिने बापाला बजावलं, "बाबा, आईला घेऊन जा. रेशनकार्ड न्या, नाव त्याच्यावरूनच लिहिणार हायेत."

"जातो गो. मला काय शिकवते?"

संध्याकाळी ती आली तेव्हा धाकलू ओट्यावर रिपोर्ट घेऊनच बसला होता. वर नाव छापलेलं, सकुबाई धाकलू. खाली आकडा. नम्रताने तो आकडा इतक्या वेळा वाचला की त्याची शाई उतरायची वेळ आली. चांगला होता. नुसता चांगला नाही, पाठ थोपटण्यासारखा.

"आई कुठंय?"

"आटगावला. हळद हाय ना तिकडं."

तपासून दुपारच्या एसटीने गेली असणार, असं नम्रताने धरलं. विचारलं नाही. चांगला आकडा हातात असला की माणूस प्रश्न विचारत नाही.

सकुबाई आटगावहून आली तेव्हा नम्रता तिला म्हणाली, "आई, रिपोर्ट एकदम मस्त आलाय गो."

"मंग मी काय सांगत व्हते?" सकुबाई म्हणाली. धाकलू शिबिराला जाऊन आला हे तिला कळलंच होतं. घराचा चांगला आला म्हणजे आपलाही आला. तिलाही त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही.

पुढे उन्हाळाभर पाय सुजत राहिले. आता नम्रताच आईला समजवायची. मीठ कमी खा. चालणं फार होतं तुझं. तेल लाव. एकदा सकुबाई स्वतःहून म्हणाली, "शहापूरला दाखवून येऊ का गो? जेवण जात नाय." सुईला घाबरणारी बाई हे म्हणाली, त्यावरूनच खरं तर ओळखायला हवं होतं. नम्रता म्हणाली, "रिपोर्ट नॉर्मल असताना कशाला उगाच टोचून घेतेस?" आणि आईच्या पायांना तेल लावत बसली. नंतर तिला झोप येईना ती या एका वाक्यासाठी.

लग्नसराईच्या शेवटाला, वाशिंदच्या एका मांडवात, दुसऱ्या ओळीवर सकुबाईचा सूर थांबला आणि पुढे गेलाच नाही. ती पाटाशेजारी कलंडली. बायकांनी आधी हळद आवरली, मग तिला.

कल्याणच्या दवाखान्यात डॉक्टरने आकडे बघितले आणि विचारलं, "इतके दिवस काय करत होतात?"

नम्रताने पर्समधून रिपोर्ट काढला. डॉक्टरने तो वाचला, मग सकुबाईकडे बघितलं, मग पुन्हा रिपोर्टकडे. "हा यांचा असूच शकत नाही," तो म्हणाला. "हे दुखणं कैक वर्षांचं आहे. दोन्ही मूत्रपिंडं गेलीत."

डायलिसिस सुरू झालं. सकुबाईच्या दंडात मोठ्या सुया गेल्या, आणि तिने त्यांच्याकडे बघायचंसुद्धा सोडून दिलं.

नम्रताला एकच दिसत होतं. मायक्रोस्कोपखाली आपल्या डोळ्यांतून एक तडा निसटला. त्या दिवशी आपण जांभई दिली असेल, फोन बघितला असेल, आणि ती एक चिप चांगल्या डब्यात गेली असेल. ती मुरबाडला गेली. शिबिराला गेलेल्या चिप ज्या भट्टीतल्या, त्याच भट्टीतल्या काही राखून ठेवलेल्या होत्या. रुचिता मॅडमनी तिच्यासमोर एकेक तपासली. सगळ्या बिनचूक.

"चिप खोटं बोलत नाही गं," मॅडम म्हणाल्या. "तिला येतच नाही ते."

नम्रता परत कल्याणला आली. बाहेरच्या बाकावर धाकलू आणि गावाहून भाकऱ्या घेऊन आलेली कमळाबाई बसली होती. कमळाबाई म्हणजे शेजारीण. हिचं कुजबुजणंही दोन शेतं ओलांडून जाई.

"पर त्या दिशी तर चांगलं निघालं व्हतं ना रं धाकलू?"

"येकदम. मशीनवाला म्हनाला, बाबा, जवान मानसासारखी किडनी हाय तुमची."

नम्रता चालता चालता थांबली. "तुमची म्हणाला?"

"मंग कुनाची म्हनंल? त्याच्या म्होरं मीच बसलेलो."

"आई कुठं होती?"

"आटगावला नाय का? पहाटच्याच गाडीनं गेली. हळद काय शिबिरासाठी थांबते?" धाकलू सहज बोलत होता. त्याच्या आवाजात लपवाछपवीचा लवलेश नव्हता. "मी कार्ड दिलं. कार्ड तिच्या नावाचं, म्हनून कागुद तिच्या नावाचा आला. रेशनच्या मशीनला नाय का, कार्डावरच्या कुनाचा पन अंगठा चालतो? मी अंगठा देतो, तांदूळ काय माझ्या येकट्याचाच येतो?"

नम्रताने पर्समधला रिपोर्ट काढून वरचं नाव पुन्हा वाचलं.

"आनि ती सुईला भिते," तो म्हणाला. "म्हटलं, तिला कशाला टोचायचं? माझं बोट काय, कुदळीनं मेलेलंच हाय."

"आमच्याकडनं जावयानं दिलं," कमळाबाई म्हणाली. "आलावता पावना, बसूनच व्हता. कोंडूनं तर तीन घरांचं दिलं बाय. त्याची बोटं मोकळीच असत्यात."

नम्रताने खाली बघितलं. कमळाबाईने चपला काढून पाय बाकाखाली घेतले होते. घोट्यावर चपलेच्या पट्ट्याचा खोल वळ उमटला होता आणि तो भरून येत नव्हता.

ती आत गेली. सकुबाई जागी होती. मशीन तिचं रक्त बाहेर काढून, धुऊन, परत आत सोडत होतं.

"कळलं ना तुला?" सकुबाई म्हणाली.

"काय?"

"मला पन आत्ताच कळलं. कमळी मोठ्यानं बोलते." ती थोडा वेळ दम घेत पडून राहिली. "त्यांना सांगू नको गो."

"आई, त्यांनी…"

"मला सुई लागू नये म्हनून केलं त्यांनी. ते कळलं तर मानूस जगंल का? मी तर चाललेच. घरटी येक पुरं झालं." आणि ती हसली. ते हसू नम्रताला सोसवेना. "मशीन खोटी व्हती म्हनायचं. मशीनला काय, ना आई ना बाप. तिला वाईट वाटत नाय."

"वाटतं," नम्रता म्हणाली.

सकुबाईने तिच्याकडे बघितलं. मायक्रोस्कोपवर वाकून वाकून पोरीच्या डोळ्यांखाली आलेली काळी वर्तुळं तिने बघितली असतील. "तुला वाटंल," ती म्हणाली. "तू सोस. आनि कमळीचे पाय बघितलेस? माझ्यासारकेच झालेत."

मूत्रपिंड बदलता येतं, असं डॉक्टर म्हणाला तेव्हा धाकलू ताडकन उठला. "माझं काढा. जवानासारकं हाय, कागुद हाय माझ्याकडं." त्याचा रक्तगट जुळला नाही. हे त्याला बराच वेळ पटेना. इतकी वर्षं एका चुलीवरचं खाल्लं, मग रक्त वेगळं कसं? नम्रताचा जुळला. सकुबाई म्हणाली, "लग्नाच्या पोरीला चिरून मी जगनार नाय." वाद चालू राहिला. तो संपायच्या आधी सकुबाईच संपली.

मयताला लाकडं फोडायला घरटी एक माणूस आला. कुणी चुकवलं नाही.

त्यानंतर दारात येईल त्याला धाकलू सांगत बसे. मशीन खोटी निघाली. मातीची ती माती. चांगला कागुद दिला आनि बाय गेली. ऐकणारे मान हलवत. बघता बघता गावाचं ठरून गेलं की असल्या शिबिरात पुन्हा कुणी बोट पुढे करायचं नाही. कंपनीची माणसं आली तर चहा द्यायचा, रक्त नाही. कमळाबाई पाय ओढत यायची, सकुबाईच्या आठवणीने रडायची आणि पाय ओढत जायची.

नम्रताला दोन्ही वाटा दिसत होत्या. खरं सांगावं, घरटी एक बोट चालत नाही म्हणावं, तर सगळं गाव उद्या परत तपासून घेईल. आणि पहिल्याच वाक्याला ओट्यावर बसलेल्या बापाला समजेल की त्याने काय केलं. गप्प राहावं, तर बाप वाचेल आणि पुढच्या लग्नसराईपर्यंत कमळाबाई जाईल.

तिने रुचिता मॅडमना दुसरं शिबिर मागितलं, आणि गावाला काय सांगणार तेही सांगून टाकलं.

"पण हे खोटं आहे," मॅडम म्हणाल्या. "लोकांना नीट शिकवायला नको का? ज्याचं रक्त त्याचाच रिपोर्ट, एवढं तरी?"

"शिकवू मॅडम. आधी बोटं तर येऊ द्या."

"आणि कंपनीचं नाव?"

"कंपनीचं नाय घेणार. माझं घेईन."

मॅडमनी हातातली चिप डब्यात ठेवली. मग म्हणाल्या, "ह्या वेळी मी स्वतः बसते टेबलावर."

बाराव्याला गाव जेवायला आलं. पंगत उठली, माणसं सुपारी कातरत मांडवात बसली, आणि धाकलूने पुन्हा मशीनचा विषय काढला. नम्रता ताटं गोळा करत होती. तिने ती खाली ठेवली.

"मशीन चांगली आहे, बाबा," ती म्हणाली. "आपल्या गावात आलेला डबा खराब होता. तो मी पास केला होता."

कातरणारे अडकित्ते थांबले.

"चिपला तडा होता. मायक्रोस्कोपखाली दिसायला पाहिजे होता, मला नाय दिसला. माझी चूक. गावात सगळ्यांचेच रिपोर्ट चुकलेत. कुणाचं खरं, कुणाचं खोटं, आता सांगता येत नाय. म्हणून सोमवारी परत तपासायचं, आणि ह्या वेळी घरातल्या प्रत्येकाचं. लहान, मोठं, सगळं." हे तिने स्कूटीवर, किन्हवलीपासून घरापर्यंत, घोटून ठेवलं होतं. कुठेही बापाचं बोट येणार नाही असं.

"म्हंजे मी तीन येळा टोचून घेतलं ते फुकटच?" कोंडू म्हणाला.

"फुकटच, काका."

"घरटी येक नाय चालनार?"

"नाय. डबा खराब होता ना."

मग कुणीतरी बायकांमधून म्हणालं, "म्हंजे सकूवयनी हिच्या…" आणि पुढचं गिळलं. ते न बोललेलं मांडवभर ऐकू गेलं. एक म्हातारी पदराआडून म्हणाली, "शिकून काय उपेग? आयशीचा जीव गेला हातून." नम्रता तशीच उभी राहिली. तिला वाटलं होतं आपण रडू. रडू आलं नाही. तपासायला बसल्यावर जशी मान खाली जाते तशी गेली, एवढंच.

कमळाबाई एकटीच काही बोलत नव्हती. ती आपल्या पायांकडे बघत होती. मग तिने विचारलं, "सोमवारी किती वाजता गो?"

"सकाळी. मी न्यायला येते तुमाला."

धाकलू उठला. त्याला उठायला वेळ लागला. सकुबाई गेल्यापासून तो उठताना कुणीतरी हात देईल म्हणून आधी थांबायचा, मग आपणच उठायचा. तो मांडवाच्या मधोमध आला. म्हातारीकडे वळून म्हणाला, "माझ्या पोरीला कुनी बोलायचं नाय. मुद्दाम केलं का तिनं? मानसाच्या हातून व्हतं. आईवर तिचा जीव व्हता, आमी बघितलंय."

म्हातारीने पदर पुढे ओढला.

मग तो नम्रताकडे आला. त्याचे डोळे भरलेले होते आणि चेहऱ्यावर, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, एक प्रकारचं हलकेपण होतं. कोणावर रागवायचं ते एकदाचं कळलं होतं, आणि त्याच्यावर रागवायचं नाही असंही त्याने ठरवलं होतं.

"मी तुला माफ केलं गो पोरी," तो म्हणाला. "तुझ्या आईनं पन केलं असतं."

मांडवातल्या बायकांनी डोळे पुसले. धाकलूचं मन केवढं मोठं, हे त्यानंतर कित्येक वर्षं शेणव्यापासून किन्हवलीपर्यंत सांगितलं जाणार होतं.

त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"हो, बाबा," नम्रता म्हणाली, आणि तो हात उचलीपर्यंत मान खाली घालून उभी राहिली. तो लवकर उचलेना.